बावीस महिन्यांचा मुलगा अजून बोलत नाही: थांबावं की थेरपी सुरू करावी?

प्रश्न थोडक्यात असा. कात्रजच्या एका आईने विचारलंय. मुलगा २२ महिन्यांचा. ३२ आठवडे पूर्ण झाल्यावर जन्म, वजन १६०० ग्रॅम, २४ दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. सतराव्या महिन्यात चालायला लागला. वर्षाच्या आसपास 'बाबा', 'मम्' म्हणायचा, ते पुढे बंद झालं. हाक मारली तर बघत नाही, बोट दाखवत नाही, काही हवं असलं की आईचा हात धरून फ्रिजपाशी ओढत नेतो. सासूबाई म्हणतात, "याचे वडीलसुद्धा साडेतीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते." एका सेंटरने आठवड्याचे सहा दिवस, रोज तीन थेरपी सांगितल्या आहेत आणि तेवढा खर्च झेपणारा नाही. थांबावं का? सुरू करावं तर किती? आणि नोकरी सोडावी लागेल का?

ताई, थांबू नका. बाकीचं सगळं खाली सविस्तर लिहिते.

मी पंचवीस वर्षं पुण्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे खाणं, खेळणं अशी रोजची कामं मुलांना जमावीत यासाठी, लहान मुलांबरोबर काम करते आहे. "बघू अजून सहा महिने" असं करत करत थेट चौथ्या वर्षी आमच्याकडे आलेली मुलं खूप पाहिली. त्यांच्या आयांचा बांध फुटायचा तो निदान ऐकून नव्हे. "मला दीड वर्षाचा असतानाच वाटत होतं हो, पण कुणी ऐकलं नाही," हे सांगताना फुटायचा. आईच्या मनातली ही शंका मी कधीच हलक्यात घेत नाही.

आधी वयाचं गणित करू. बाळ आठ आठवडे लवकर आलं, म्हणून दोन वर्षांचं होईपर्यंत त्याच्या वयातून दोन महिने वजा करायचे. म्हणजे आपल्या हिशेबाने तो २० महिन्यांचा आहे आणि चालायला लागला पंधराव्या महिन्यात. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी मुलांचा अभ्यास करून जे टप्पे ठरवले, त्यात आधाराशिवाय चालण्याचा काळ साधारण ८ ते साडेसतरा महिने असा आहे. तेव्हा चालण्याची काळजी सोडा. त्याला वॉकरमध्ये मात्र बसवत असाल तर तो आजच माळ्यावर टाका.

बोलण्याचं तसं नाही. नुसते शब्द उशिरा येताहेत, पण बाळ बोट दाखवतंय, खेळणं आणून तुमच्या तोंडासमोर धरतंय, टाटा करतंय, हाकेला वळतंय, असं असतं तर मी इतकी घाई केली नसती. सासूबाईंना एकदा शांतपणे विचारा: "बाबा बोलत नव्हते तेव्हा हाक मारली की बघायचे का? चांदोबा बोटाने दाखवायचे का?" बहुतेक त्या म्हणतील, "हो तर, सगळं कळायचं त्याला, खुणेने सांगायचा." तो फरक त्यांच्याच तोंडून आला की तुम्हाला वाद घालावा लागणार नाही. आणि आलेले शब्द गेले ही गोष्ट वेगळीच आहे. मुलाला जमणारी एखादी गोष्ट जमेनाशी झाली, तर वय काहीही असो, डॉक्टरांना लगेच दाखवायचं.

हा ऑटिझम (स्वमग्नता) आहे का, ते मी चार ओळी वाचून सांगणार नाही, आणि असं सांगणाऱ्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना एम-चॅट ही ऑटिझमची शक्यता चाळून बघायची प्रश्नावली भरून घ्यायला सांगा. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी पालकांना विचारायचे २० प्रश्न आहेत. गुण जास्त आले म्हणजे निदान झालं असं नाही, पण डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनकडे, म्हणजे मुलांच्या विकासाच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे, जायचं नक्की होतं. त्या भेटीला एक-दोन मिनिटांचे तीन-चार व्हिडिओ न्या: एक जेवतानाचा, एक एकटा खेळतानाचा, एक तुम्ही हाक मारतानाचा. नव्या खोलीत मूल बावरतं, घरातलं वागणं तिथे दिसत नाही.

त्याआधी कान तपासून घ्या. यात सूट नाही. एनआयसीयूत राहिलेल्या बाळाला कमी ऐकू येण्याचा धोका जास्त असतो. कमी दिवसांचा जन्म, जास्त कावीळ, काही अँटिबायोटिक्स अशी त्याची कारणं असतात. "टाळी वाजवली की दचकतो" हा पुरावा होत नाही. माझ्याकडे एक मुलगी यायची, दार आपटलं की वळायची, आणि घरच्यांची खात्री होती की कान ठणठणीत आहेत. तिला जाड, मोठे आवाज ऐकू येत होते, पण बारीक पट्टीतले नाहीत. 'स', 'श', 'त' ही अक्षरं तिच्यापर्यंत पोचतच नव्हती, ती बोलणार कशी? दोन वर्षं सगळे तिच्या 'हट्टीपणा'वर काम करत राहिले. ओएई (आतल्या कानाची) आणि बेरा (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का याची) या दोन्ही तपासण्या करा. बेराच्या वेळी मूल झोपलेलं लागतं, म्हणून त्या दिवशी दुपारची झोप मोडून न्या. खरं तर कानांचं वेळापत्रक पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार असं हवं. कानांबरोबर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. जन्मानंतर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली होती का, ते डिस्चार्जच्या कागदात पाहा.

आता मुख्य गोष्ट. निदानाचा कागद हातात येईपर्यंत काही करायचं नाही, अशी बऱ्याच घरांची समजूत असते. तपासण्या, अपॉइंटमेंटची यादी, रिपोर्ट, पुन्हा भेट, यात तीन-चार महिने सहज जातात. पहिल्या तीन वर्षांत मेंदूतल्या जोडण्या भराभर तयार होतात, वापरात राहतात त्या पक्क्या होतात, न वापरलेल्या गळतात. तिथे चार महिने म्हणजे फार झाले. जे मूल नजरेला नजर देत नाही त्याच्याबरोबर काय करायचं हे कळायला निदानाचं नाव लागत नाही. उद्या कळलं की काहीच नव्हतं, तर तुमचं नुकसान काय? चार महिने घरातली माणसं त्याच्याशी नीट खेळली, एवढंच.

आणि थेरपी बहुतेक घरातच होते. मी हे खर्च वाचवायचा सल्ला म्हणून सांगत नाही, त्यामागे कारण आहे. धनकवडीतल्या एका घरचा प्रसंग सांगते. दोन खोल्या, आई-वडील दोघंही कामाला, मुलगा आजीजवळ. तोही तुमच्या मुलासारखाच, पावणेदोन वर्षांचा. आजी मोबाईलवर गाणं लावून त्याच्यामागे ताटली घेऊन फिरायची. मी म्हटलं, आज मोबाईल नको. त्याला पाटावर बसवा, तुम्ही समोर मांडी घालून बसा, आणि केळ्याच्या चकत्या करा. पहिली चकती दिली. दुसरी मी त्यांना त्यांच्या गालाशी धरायला सांगितली. "आता बोलायचं नाही. मनात दहा अंक मोजायचे." आजींना हे फार जड गेलं. एरवी त्या "हवं? केळं हवं? घे की रे राजा, हे घे," असं एका दमात म्हणून घास तोंडात घालून मोकळ्या व्हायच्या. आता ओठ हलवत मोजत होत्या. चारला तो हातावर झेपावला. त्यांनी मूठ मिटली. सहाला कुरकुरला. आठला त्याने आधी मुठीकडे बघितलं आणि मग वर, आजीच्या डोळ्यांत. अर्धा सेकंद असेल. मी म्हटलं, "द्या!" त्यांनी "केळं" म्हणून चकती दिली, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं बाई, हा बघतो की माझ्याकडे."

एका जेवणात वीस घास धरा, दिवसाची तीन-चार खाणी. म्हणजे नजर मिळवायच्या साठ-ऐंशी संधी रोज, तेही भूक लागलेली असताना, हव्या असलेल्या वस्तूसाठी, आवडत्या माणसाबरोबर. माझ्या खोलीत पंचेचाळीस मिनिटांत मला त्याच्या पाव संधीही मिळत नाहीत, आणि ज्या मिळतात त्या माझ्या खेळण्यांबरोबर. तिथे शिकलेलं मूल घरी वापरतंच असं नाही. त्या मुलाने तीन आठवड्यांनी हात पुढे करायला सुरुवात केली, अडीच महिन्यांनी 'के' म्हणाला. तो आज शाळेत आहे, अजून कमी बोलतो, मदत लागते. पण आजीला तो मागतो, नाही म्हणतो, रागावतो. हे फार मोठं आहे.

तुमच्या घरी हेच कसं करायचं? तो हात धरून फ्रिजपाशी नेतो ना, तिथूनच सुरू करा. तो मागतोय, फक्त त्याला पद्धत माहीत नाही. फ्रिजपाशी गेलात की खाली बसा, तुमचा चेहरा त्याच्या उंचीला आणा. त्याचं बोट हलकेच धरून दुधाच्या पातेल्याकडे करा, "दूध" म्हणा आणि लगेच द्या. रोज, दर वेळी. आंघोळीला तांब्या वर धरून "एक... दोन..." म्हणा आणि थांबा. त्याने बघितलं, हुंकार दिला, हात हलवला, काहीही केलं की "तीन!" म्हणून ओता. बोलणं कमी करा: "अरे माझ्या सोन्या, तुला दूध हवंय का, गरम करून देऊ का" यातला त्याच्या हाती लागेल असा शब्द एकच आहे, तेवढाच म्हणा. तो चाक फिरवत बसला असेल तर हिसकावू नका, शेजारी बसून दुसरं चाक फिरवा. थोड्या वेळाने तो तुमच्या चाकाकडे बघेल. आणि दोन वर्षांपर्यंत मोबाईल-टीव्ही नाही, ही भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचीही शिफारस आहे. जेवतानाचा मोबाईल आधी काढा. पहिले तीन-चार दिवस तो कमी खाईल, तेवढी तयारी ठेवा.

भाषेबद्दल स्पष्ट सांगते. घरात मराठी बोलता तर मराठीच बोला. "शाळा इंग्रजी असणार, तर आत्तापासून इंग्रजीच बोला" असा सल्ला पुष्कळ पालकांना मिळतो. मग आजी गप्प बसते, कारण तिला इंग्रजी येत नाही, आणि मुलाशी सगळ्यात जास्त बोलणारं माणूस आपण हातचं घालवतो. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम किंवा बोलण्यातला उशीर वाढतो, याला आधार नाही.

हे सगळं मला कॉलेजात शिकवलं गेलं नव्हतं. सुरुवातीच्या काळात मी एका आईला वीस व्यायामांचा कागद लिहून दिला होता. मुलीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसणं. दर आठवड्याला मी विचारायची, "झाले का?" आणि ती मान खाली घालायची. एकदा तिने तो कागद पदराच्या गाठीतून काढला, घामाने शाई पसरली होती. पहाटे साडेचारला पाण्यासाठी उठणारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई. तिचा दिवस कसा जातो हे मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या दिवशी कागद बाजूला ठेवला आणि फक्त जेवण धरलं. मुलगी मांडीवर आडवी असताना भरवलं जायचं, म्हणून ठसका लागायचा. तिला कोपऱ्यात भिंतींच्या आधाराने ताठ बसवली, दोन्ही बाजूंना उशा, पावलांखाली पाट, हनुवटी जरा खाली. ठसका कमी झाला आणि जेवण तासाभराचं अर्ध्या तासावर आलं. मान सावरायचा व्यायामही त्यातच झाला, दिवसातून तीनदा, आईचा एक मिनिटही जास्त न घेता. आजही त्या बाईची मनातून माफी मागते.

आता त्या सेंटरच्या सहा दिवस, रोज तीन थेरपींबद्दल. मुलाला न ओळखता आकडा सांगणं मला पटत नाही. २० महिन्यांच्या मुलासाठी आठवड्यातून एक-दोन सत्रं, तुम्ही खोलीत बसून केलेली, आणि घरी रोजचा सराव, यावर मी सुरुवात करते. तीन महिन्यांनी काय बदललं ते पाहून वाढवते किंवा वाट बदलते. काही मुलांना जास्त लागतं, ते त्यांच्याकडे बघून ठरतं. एक माणूस मुख्य असावा, त्याने बाकीच्यांचं ऐकून एकच आराखडा द्यावा. तीन ठिकाणचे तीन वेगवेगळे गृहपाठ घेऊन पळणारी आई लवकर थकते.

सेंटर निवडताना एक प्रश्न आधी विचारा: "मला आत बसू द्याल का?" दार लावून घेणारं, पंचेचाळीस मिनिटांनी मूल आणि पावती हातात देणारं ठिकाण या वयासाठी उपयोगाचं नाही. दुसरा प्रश्न: "येत्या तीन महिन्यांत तो काय करायला लागेल असं धरून चाललो आहोत?" उत्तर "सेन्सरी इश्यूज कमी होतील" असं मोघम आलं तर पुन्हा विचारा. "दहापैकी सहा वेळा हाकेला बघेल, भूक लागली की हात पुढे करेल," असं उत्तर हवं. स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, आमची आणि फिजिओथेरपिस्टची महाराष्ट्राच्या परिषदेकडे. नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. चांगला माणूस रागावत नाही.

आणि घरच्यांच्या मदतीने हे खरंच होतं का, अशी शंका तुमच्या यजमानांना असेल तर त्यांना हे सांगा. गोवा आणि रावळपिंडी इथे ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांबरोबर एक चाचणी झाली होती, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तज्ज्ञांनी नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी पालकांना दर पंधरवड्याला एक अशा बारा भेटी दिल्या. मुलाच्या लक्षाप्रमाणे आपण कसं चालायचं हे खेळातून, व्हिडिओ बघत शिकवलं. पालकांचं मुलाशी वागणं बदललं आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करू लागली. आपल्यासारख्याच घरांमधली ही गोष्ट आहे.

पुण्यात कुठे जायचं: रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचं टीडीएच रिहॅबिलिटेशन आणि मॉरिस चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर याच कामासाठी आहे. ससूनच्या बालरोग विभागात तपासण्या कमी खर्चात होतात, गर्दीची तयारी ठेवून सकाळी लवकर जा. सरकारी वाट अंगणवाडीतून जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतात आणि विकासात मागे असलेल्यांना डीईआयसीकडे, म्हणजे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पथकाची वाट बघायची गरज नाही. अंगणवाडीताई किंवा आशाताईंना सांगा किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात थेट चौकशी करा. दिव्यांग मुलांना अंगणवाडीत कसं सामावून घ्यायचं याचे नियम २०२३ मध्ये आले आहेत, म्हणून "याला इथे नको" असं कुणी म्हटलं तर ऐकून परत येऊ नका.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची घाई आत्ता नाही. पुढे निदान पक्कं झालं तर ते जरूर काढा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्यात ऑटिझम आहे. बहुतेक सवलतींना ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व लागतं. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरता येतो, तपासणी ससून किंवा औंधला होते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, आणि तिच्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. बऱ्याच कुटुंबांना हे माहीतच नसतं. प्रमाणपत्राने मुलावर शिक्का बसेल ही भीती मी समजू शकते, पण तो कागद कपाटात राहतो आणि हवा तेव्हाच बाहेर निघतो.

आणि एक कळकळीची सूचना. स्टेम सेल, हायपरबॅरिक ऑक्सिजन, शरीरातले धातू काढायची औषधं असं कुणी सुचवलं तर तिथून उठा. ऑटिझममध्ये यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि धातू काढायच्या औषधांनी मुलांना इजा होऊ शकते. यासाठी दागिने मोडलेली माणसं मी ओळखते.

नोकरी सोडू नका, निदान या सहा महिन्यांत तरी नाही. पगार गेला की तुमच्या घरात थेरपीचा पहिला हप्ता चुकणार, आणि दिवसभर मुलासमोर बसून "आज काही बोलला का" हे मोजत राहण्याने तुमचं मन पोखरेल. सकाळची आंघोळ आणि रात्रीचं जेवण तुमचं, फ्रिज आणि खाऊ आजींचा, संध्याकाळचा बागेतला अर्धा तास बाबांचा. एवढी वाटणी पुरते. रात्री नीट झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल, तर ते तुमच्या डॉक्टरांनाही सांगा. त्याच्याइतकीच तुमचीही तपासणी व्हायला हवी. एनआयसीयूतले ते २४ दिवस तुमच्या अंगावरून गेलेत, आणि त्याबद्दल तुम्हाला अजून कुणी विचारलं नसेल.

या आठवड्यात एवढंच: बेराची तारीख घ्या, व्हिडिओ काढून ठेवा, फ्रिजपाशी खाली बसायला लागा. आणि पहिल्या भेटीला जाताना सासूबाईंना बरोबर न्या. त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवा. त्याची रोजची वाटी आणि चमचाही पिशवीत टाका.